खांबावरची सुभीकाकी

करंजखोलच्या बंदरावर गेल्या वर्षापासून दोन सुभीकाक्या होत्या. एक हाडामांसाची, पासष्टीची, सकाळी मासळीच्या लिलावात ओरडणारी. दुसरी धक्क्यावरच्या उंच खांबावर, कर्ण्यात.

आधी त्या खांबावर नुसता भोंगा होता. लांब समुद्राच्या तळाशी इंटरनेटची तार पसरलेली आहे. तळ हलला की तारेतून धावणाऱ्या प्रकाशात किंचित थरथर होते, आणि ती वाचून इशारा केंद्रातलं यंत्र सांगू शकतं, की त्सुनामीची लाट कुठे, कधी आणि किती उंच येणार. यंत्र हुशार, पण त्याचा भोंगा थेट बर्फाच्या कारखान्याच्या भोंग्यासारखा! चाचणीच्या दिवशी तो वाजला, तेव्हा गावातलं एकही माणूस टेकडीकडे गेलं नाही. उलट चौघे बर्फाची पेटी घेऊन कारखान्यावर पोचले.

मग केंद्रातली गौतमी नाबर गावात आली. "तुम्ही ऐकता तरी कोणाचं?" असं तिने वैतागून विचारलं, आणि सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. सुभी होडेकरणीचा आवाज खाडीपलीकडे जातो हे एक, आणि तिने जन्मात कधी शिळा मासा ताजा म्हणून विकला नाही हे दुसरं.

"घे माझा आवाज," काकी म्हणाली. "पण बाय, माझ्या तोंडून खोटं वदवलंस, तर खांबासकट उपटून टाकीन हां!"

गौतमीने हसून कबूल केलं. पुढचे तीन महिने काकीच्या गळ्यात एक बारका मायक्रोफोन लटकत होता. लिलाव, आरत्या, शेजाऱ्यांची उणीदुणी, शिव्या, सगळं यंत्राने ऐकलं आणि त्यातून काकीसारखं बोलायला ते शिकलं.

यंदा फाल्गुनी अमावास्येला सकाळी मोठी ओहोटी होती. खाडीच्या मुखाशी वाळू उघडी पडली होती, आणि काकीसकट गावातल्या वीसेक बायका वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत होत्या. एवढ्यात खांब कडाडला.

"चला गो, सगळ्या वर चला! समुद्राचा तळ ढासळलाय. पाऊण तासात पाणी येतंय. टेकडीवर, देवळाकडे!"

आपलाच आवाज ऐकून काकी दचकली. मग पदर खोचून निघाली. वरची काकी ओरडतेय आणि खालची तिसऱ्या वेचत बसलीय, हे बरं दिसलं नसतं. बायका कुरकुरत तिच्या मागोमाग चढू लागल्या. घराघरांतून म्हातारी माणसं, पोरं निघाली.

अर्ध्या चढावर सगळ्यांनी मागे पाहिलं. पाणी येत नव्हतं, उलट आणखी आत चाललं होतं. कोणी कधी पाहिला नव्हता असा तळ उघडा पडला होता, आणि तिथे मुठीएवढ्या तिसऱ्या नुसत्या पसरल्या होत्या. काकीची धाकटी जाऊ मालन तेवढी खालीच राहिली होती. तिने तो तळ पाहिला आणि ती सरळ समुद्राच्या दिशेने चालू लागली. अशी लूट सोडायची म्हणजे काय!

"मालन! फीर मागे!" काकी ओरडायला गेली, पण धापेमुळे तिचा आवाज फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा तिचं कोणी ऐकलं नाही.

खांबाला कॅमेराही होता. तो मालनकडे वळला आणि कर्णा कडाडला.

"मालन! तुझी शर्वी देवळाच्या पायरीवरून पडली गो! डोकं फुटलंय पोरीचं! धाव!"

मालनने टोपली फेकली आणि साठाव्या वर्षी ती टेकडी अशी चढली, की तरण्या पोरी बघत राहिल्या. वर तिची नात शर्वी पायरीवर बसून बिस्किट खात होती.

"सुभे!" मालन ओरडली. "माझ्या नातीचं नाव घेतलंस? जीभ झडली कशी नाय तुझी?"

"मी कुठे गो बोलले? मी इथे धापा टाकतेय!"

पुढचं भांडण झालंच नाही, कारण पाणी आलं. गढूळ पाणी फुगत फुगत आलं, वाळू गिळली, धक्का ओलांडून लिलावाच्या शेडमध्ये घुसलं. मघाशी मालन जिथे उभी होती, तिथे आता माडाएवढ्या उंचीचं पाणी गरगरत होतं. मालन शर्वीला घट्ट धरून रडू लागली.

आणखी लाटा येणार होत्या, म्हणून दुपारपर्यंत कोणी खाली उतरलं नाही. पण माणसं मोजली तर एकही कमी नव्हतं. मासेमारीला गेलेल्या होड्या खोल पाण्यात होत्या, त्यांना लाट जाणवलीसुद्धा नाही, असे निरोप आले. मग मात्र सगळ्यांना भूक लागली. वर आणलेल्या टोपल्यांतल्या तिसऱ्या आंब्याखाली शिजल्या, आणि मालनच्या धावण्याची नक्कल करून पोरांनी लोकांना पोट धरून हसवलं. मालनही हसली. काकीला वाटलं, असा दिवस पुन्हा यायचा नाही.

तेवढ्यात गौतमीचा फोन आला. काकीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला. "खोटं बोलायला कोणी शिकवलं तिला?"

"कोणी नाही, काकी. गावाला वर न्यायचं, एवढंच काम दिलं होतं. बाकी तिने तुमच्याच बोलण्यावरून ओळखलं, की मालनकाकी तिसऱ्या सोडणार नाहीत, नातीसाठी मात्र सोडतील. ते खोटं बोलणं काढून टाकू का? तुम्ही म्हणाल तसं."

"काढू नको," मालन मध्येच म्हणाली. "मी जिती हाय ती त्या खोट्यामुळे."

काकीने तिच्याकडे पाहिलं. जाऊ जिवंत होती, शेजारी बसून बोटं चाटत होती. हे सुख खोटं नव्हतं. तरी काकीने हातातला घास खाली ठेवला.

"आज ती आम्हाला वर न्यायला खोटं बोलली, देव तिचं भलं करो," ती फोनमध्ये म्हणाली. "पण बाय, उद्या लाट येत असताना गोंधळ नको, चेंगराचेंगरी नको म्हणून तिनेच ठरवलं, आणि माझ्या आवाजात म्हणाली, 'काय नाय गो, खुशाल निजा', तर आम्ही कोणाचं ऐकायचं?"