ये म्हणू नको

महिपती बार्शीकडचा. बोलण्याच्या शेवटी 'बा' लावल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. "चल रे बा", "ऱ्हाऊ दे रे बा", असं त्याचं चालायचं. लॉरी घेऊन दुधनीच्या रस्त्याला तो नवाच लागला होता. त्याचा क्लीनर बिरप्पा मात्र इथलाच, घरात कानडी बोलणारा. अंगानं दांडगा, झोपेला त्याहून दांडगा. गेल्या महिन्यात बिरप्पाचं लग्न झालं होतं. त्याला धड घरी पोचवीन, असा शब्द महिपतीनं त्याच्या बायकोला दिला होता आणि तो हसण्यावारी दिलेला नव्हता.

त्या दिवशी शेंगांची पोती भरून दोघं सोलापूरला निघाले. चहा देताना हाटेलवाल्या नागव्वानं सांगितलं, वळसंगच्या अलीकडं चढ लागतो, तिथं रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका. तिचा भाऊ क्लीनर होता. तिथंच लॉरीखाली सावलीला झोपला आणि चाकाखाली गेला. चाकाला दगड लावला नव्हता का, असं महिपतीनं विचारलं. लावला होता, म्हणाली. मग कप विसळत विसळत तिनं एवढंच सांगितलं.

"थांबावं लागलं तर थांब. पर तितं कुनाला ये म्हनू नको."

ओसाड चढावर मी कुणाला बोलावणार, म्हणून महिपती हसला.

वैशाखाचं ऊन होतं. नेमकं त्याच चढावर इंजिनातलं पाणी उकळलं. महिपतीनं लॉरी कडेच्या मुरमावर घेतली आणि ब्रेक ओढला. बिरप्पानं मागच्या चाकांना दगड लावले. ते महिपतीनं स्वतः पायानं दाबून पाहिले. आसपास झाडाचं नाव नव्हतं, म्हणून बिरप्पा लॉरीखालीच आडवा झाला. महिपतीला नागव्वाचा भाऊ आठवला. पण बिरप्पाचे डोळे मिटत आलेले बघून त्याला उठवायचं जिवावर आलं.

"झोप रे बा," म्हणत तो डबा घेऊन पाणी आणायला शेतातल्या विहिरीकडं निघाला.

थोडा पुढं जातो न जातो तोच मागून थाप ऐकू आली. लॉरी मागं घेताना क्लीनर मागच्या फळीवर मारतो तशी, सबुरीची. पाठोपाठ दबका आवाज.

"बा... बा..."

बिरप्पा आपली नक्कल करतोय असं वाटून तो हसत वळला. लॉरीमागं कोणी नव्हतं. चाकांचे दगड रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवलेले होते.

लॉरी हलली.

डबा टाकून तो धावला. पाय धरून त्यानं बिरप्पाला बाहेर खेचलं, आणि उशाला घेतलेल्या पटक्यावरून चाक गेलं. थोडी मागं जाऊन लॉरी आपली आपण थांबली.

"तुमी बा म्हनला?" चिरडलेला पटका उचलत बिरप्पानं विचारलं.

"म्हनलो की. सवयच हाय माजी."

"आमच्यात बा म्हंजी ये."

पुढच्या वाटेत महिपतीनं गाडी कुठंच थांबवली नाही. भ्यालाच होता तो. बिरप्पा शेजारी मान टाकून बसला होता.

दिवेलागणीला सोलापूरची नवी पेठ आली. माल उतरवायला लॉरी बोळात मागं घ्यायची होती. फळीवर थाप पडली तसं महिपतीला हायसं वाटलं. चला, गडी सावरला, रोजच्यासारखा उतरून कामाला लागला. आरशात बघत, थापेच्या तालावर तो लॉरी मागं घेऊ लागला.

"येऊ दे... येऊ दे रे बा..."

मागून येणारा आवाज महिपतीचा स्वतःचा होता.

त्यानं बाजूला पाहिलं. बिरप्पा शेजारीच बसलेला होता. डोळे मिटलेले.

महिपतीनं ब्रेक दाबला. थाप थांबली.

"बंदे," बिरप्पा झोपेतच पुटपुटला. हाक आली की 'आलो' म्हणून कानडीत ओ देतात, तसा. त्याचा हात दाराच्या कडीकडं गेला.

महिपतीनं त्याचं मनगट गच्च धरलं.

मग थाप पुन्हा सुरू झाली. बिरप्पाच्या बाजूनं, दाराच्या पार खाली, चाकाशी कोणी आडवं पडून मारावी तशी.