एकसष्ट मोटारी

टाकीतलं पाणी स्वच्छ, घरच्या नळाचं घाण. मधे फक्त एक पाइप. मग घाण आली कुठून?

कुंभारगल्लीत याची उत्तरं भरपूर होती. खालच्या टोकाच्या लोकांच्या मते दोष वरच्या टोकाचा होता, वरच्यांच्या मते नगरपरिषदेचा. स्वतःचं नाव एकाही घराने घेतलं नाही. खरं उत्तर हवं होतं फक्त अकरा वर्षांच्या वेणूला. तिचा धाकटा भाऊ शारंग कावीळ होऊन दवाखान्यात होता आणि शुक्रवारी घरी येणार होता, याच पाण्यात.

बुधवारी गल्लीतल्या चेंबरचं झाकण उचकटून नळोबा बाहेर आला. नळोबा म्हणजे बांधकाम विभागाचा यंत्रमानव. घोरपडीएवढा, पाइपांमधून सरपटणारा. लोक त्याला रस्त्यावरचे दिवे गेले तरी शिव्या घालत.

"सापडलं," तो वेणूला म्हणाला. "गटारातून जाणाऱ्या पाइपला तडा आहे."

"पण तड्यातून पाणी बाहेर जाईल ना? गटार आत कसं येईल?"

"एक लवचीक नळी आण. मधोमध टाचणीने भोक पाड, ते बादलीत बुडव. एका टोकाला बोट लाव, दुसऱ्यातून फुंक."

बुडबुडे निघाले.

"आता ओढ."

वेणूच्या तोंडात पाणी आलं. "शी!"

"भोक तेच," नळोबा म्हणाला. "आत दाब (ढकलण्याचा जोर) जास्त असला की आतलं बाहेर जातं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडला, म्हणजे ऋण दाब झाला, की बाहेरचं आत येतं."

"पण पाइपमधून ओढतंय कोण?"

"तुम्ही. गल्लीत त्रेसष्ट घरं. त्यांतल्या एकसष्ट घरांनी पाइपलाच मोटार जोडली आहे. शेजाऱ्याने लावली म्हणून आपलं पाणी कमी झालं, म्हणून आपणही लावली. सकाळी सहाला सगळ्या एकदम ओढतात. टाकी तेवढं देऊ शकत नाही, मग पाइप गटारातून घेतो."

"मग तो पाइप बदल ना!"

"नवा यायला बारा दिवस लागतील. गटार रुंद करताना हा पाइप मधे आला, तेव्हा गटारवाल्यांनी पाणीवाल्यांना पत्र लिहिलं, 'पाइप हलवा.' पाणीवाल्यांनी उलट लिहिलं, 'गटार हलवा.' दोन्ही पत्रं माझ्या स्मृतीत आहेत. फार नम्र आहेत. नवा पाइप येईपर्यंत पाणी उकळून प्या आणि मोटारी बंद ठेवा."

संध्याकाळी वेणूने दारोदार जाऊन सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "अगं, पोराच्या जिवापेक्षा मोटार मोठी का?" असं म्हणताना शकुकाकूंचे तर डोळे भरून आले.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला नळोबाने पाइपला कान लावला. मोटारीची थरथर त्याला मोजता येई.

"किती चालू आहेत?" वेणूने विचारलं.

"एकसष्ट."

"नीट ऐक की!"

"तीनदा ऐकलं."

मग वेणूच्या लक्षात आलं, की एकसष्टात आपलंही घर आलं. ती धावत सुटली. मोरीत मोटार घुरघुरत होती आणि बाबा बादल्या लावत होते.

"बाबा! तुम्ही कबूल केलं होतं!"

"बाकीचे साठ बंद ठेवणारच आहेत ना? आपल्या एका मोटारीने काय बिघडतंय? उद्या शारंग येणार, त्याला पाणी नको?"

"साठही घरांत हेच बोलतायत!" वेणूने बटण बंद केलं. नळाची धार करंगळीएवढी झाली. बाबा अर्ध्या बादलीकडे बघत राहिले. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

ती परत नळोबाकडे आली. "आता गटार यायचं थांबलं?"

"नाही. एक बंद झाली, साठ चालू आहेत. निदान तीस आणखी बंद व्हायला हव्यात, तर दाब सावरेल."

"एका दिवसात तीस? होतील का?"

"मला फक्त मोजता येतं, वेणू."

तिला रडू आलं. तिने फ्रॉकच्या बाहीला डोळे पुसले आणि शकुकाकूंचं दार वाजवलं. आतून मोटारीचा आवाज येतच होता.

"काकू, आमची बंद केली."

"हो का?" काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खरंच? का माझी बंद करायला सांगतेस आणि तुमची टाकी भरतेस?"

"येऊन बघा."

काकू चप्पल पायात सरकवून खरोखरच बघायला निघाल्या.