बदलीची तुकडी

दुपार कलली तसा ह्यू मॅकास्किल आपली माणसं घेऊन निघाला. काम नेहमीचंच होतं. पुढच्या खंदकातली तुकडी थकली होती, तिच्या जागी आपण पहाऱ्याला उभं राहायचं. फ्रान्समधला तो हिवाळा नुसता चिखलाचा होता. पावसात पायाखाली फळ्या बुळबुळत होत्या आणि धुक्याला जुन्या दारूगोळ्याचा आंबूस वास होता.

"स्काय बेटावर असलं धुकं पडलं की आमची म्हातारी मेंढ्या मोजायचं थांबवायची," मागून युअन म्हणाला. ह्यूच्याच गावचा मेंढपाळ तो. "म्हणायची, जास्तच भरतात."

"बडबड नको. चल."

वाटेत धुक्यातून माणसं समोर आली. पुढे सार्जंट बेथ्यून होता. त्याचीच तुकडी खंदकात असायला हवी होती.

"पहारा सोडून कुठे निघालात?" ह्यूने विचारलं.

बेथ्यून थांबला. "सोडून? तुमची माणसं आली की मघाशी. जागा ताब्यात घेतल्या, म्हणाले, जा, झोपा."

"आमची माणसं ही, इथे आहेत."

"मग ते कोण? कमरेला चौकड्यांची किल्ट आपल्या पलटणीची, बोली आपल्या बेटावरची. पुढे उंच सार्जंट होता, गालावर व्रण असलेला." बेथ्यूनचा आवाज उतरला. "एवढा पाऊस... पण एकाचीही किल्ट भिजली नव्हती रे. आत्ता ध्यानात येतंय."

तसा सार्जंट पलटणीत एकच होता, मर्डो मॅकस्वेन, बेथ्यून पलटणीत यायच्या आधीचा. उन्हाळ्यातल्या हल्ल्यात याच खंदकाचं उजवं टोक कोसळलं, तेव्हा तो आपल्या माणसांसकट आत गाडला गेला. कुणालाच बाहेर काढता आलं नाही.

पण खंदक रिकामा होता आणि समोर जर्मन होते. ह्यू माणसांना घेऊन पळतच सुटला.

खंदकात कुणी नव्हतं. चिखल उपसलेला होता, ढासळलेली वाळूची पोती नीट रचलेली होती. जो तो आपल्या जागी उभा राहिला. कोसळलेल्या टोकाशी ह्यू स्वतः थांबला, त्याच्या शेजारी युअन.

अंधारून आलं. रिवाजाप्रमाणे डावीकडून निरोप कुजबुजत निघाला, एकाकडून दुसऱ्याकडे. "सगळं ठीक." युअनने तो ह्यूला दिला. पुढे मातीचा ढिगारा. निरोप इथेच थांबायचा.

"ठीक," ढिगाऱ्यापलीकडून हलकेच आवाज आला. मर्डोचाच घोगरा, ओळखीचा आवाज. "आणि उद्या... आमच्यात कोण येतंय, ह्यू?"

ह्यूने दातांवर दात दाबले. तोंडातून श्वाससुद्धा बाहेर पडू दिला नाही. पलीकडे शांत होतं.

मग युअनने त्याची बाही धरली.

"ह्यू... पलीकडून मला हाका मारतायत. माझं नाव कुणाला सांगितलंस?"