चार नंबरचा व्हेंटिलेटर

समितीचा कागद आला की का म्हणून विचारायचं नाही, मशीन हलवायचं. धाकटी इस्पितळाच्या यंत्रविभागात नोकरीला लागली, त्याच दिवशी काकांनी तिला हे बजावलं होतं. त्याच विभागातून ते निवृत्त झालेले.

आज जेवणं उरकून सगळे गच्चीवर बसले होते, तेव्हा काकांनीच विषय काढला. "उद्या जुने व्हेंटिलेटर भंगारात निघणार म्हणे. त्यांच्या मेमरीतल्या नोंदी कोण पुसणार?"

"मीच."

"चार नंबरचा आधी पूस. आत बघत बसू नकोस."

"का?"

"झाली हिची वकिली सुरू," बाबा म्हणाले.

काका पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "माझ्याबरोबर एक जण होता कामाला..."

"म्हणजे भुताची गोष्ट," चुलतभाऊ हसला. "दिवा घालवू?"

"राहू दे." काका इतक्या पटकन म्हणाले की त्याचं हसू विरलं.

"साथीचं दुसरं वर्ष. एकोणीस तारीख, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. आयसीयूत व्हेंटिलेटर दहा आणि दाराबाहेर माणसं तीस. कुणाला द्यायचा ते समितीचे तीन डॉक्टर बंद खोलीत, वाचण्याच्या शक्यतेचे गुण मोजून ठरवायचे. त्यांना रुग्णाचं नाव दिसायचं नाही, चेहरा दिसायचा नाही. दर दोन दिवसांनी फेरतपासणी. चार नंबरवर साठीचा एक शिंपी होता. झोपेचं औषध बंद करून पाहिलं, तरी दोन दिवसांतले सगळे श्वास मशीनचे. त्याचा स्वतःचा एकही नाही. खालच्या मजल्यावर एक बाळंतीण निळी पडत चालली होती. कागद आला.

"दोन दहाला यानं, माझ्या सोबत्यानं, मशीन सोडवलं. शिंप्याची बोटं चादरीवर होती. अशी... सुई धरल्यासारखी. यानं बघितलं आणि मान फिरवली. मशीन बंद केलं, वरून फडक्यानं पुसलं, लांबच्या बोळातून लिफ्टकडे निघाला.

"अर्ध्या बोळात मशीन सुरू झालं.

"आत बॅटरी असते. धक्का लागला असेल, म्हणून यानं बंद केलं. चार पावलं गेला... पुन्हा सुरू. नळीला कुणी नाही. तरी श्वास येतोय. थांबतोय. येतोय. ट्रॉली जड झाली. पलीकडून कुणी धरल्यासारखी..."



"पळाला?" चुलतभावाने विचारलं.

"खाली बाळंतीण होती. पळून कसं चालेल? ढकलत राहिला. लिफ्टचं दार उघडलं. आणि आवाज... बंद."

"आणि ती बाळंतीण?" धाकटीने विचारलं.

"वाचली. पोरगं शाळेत जातंय आता."

धाकटीने काकांकडे रोखून पाहिलं. "तो एक जण म्हणजे तुम्हीच ना?"

काका गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिले.

"मोठ्यांचं एकदा तरी ऐक," बाबा म्हणाले. "पूस आणि मोकळी हो. तुझ्या काकाला झोप लागत नाही गं."

"त्या शिंप्याच्या घरच्यांना लागत असेल? गुणांचे कागद फाडले. समितीत कोण होतं ते कुणी सांगत नाही. त्याचं मशीन कधी काढलं, कशावरून काढलं, याचा पुरावा फक्त त्या मेमरीत आहे."

"म्हणजे बाळंतिणीला मरू द्यायला हवं होतं?"

"मी असं कुठे म्हटलं? तिला दिलं ते बरोबरच असेल. पण का, हे विचारायचंच नाही? मी पुसणार नाही, बाबा. नोकरी गेली तर गेली."

"वेडेपणा करू नकोस," काका हळूच म्हणाले. "आत काही नसेल. मशीन गडबडलं असेल."

"मलाही दुपारी तसंच वाटलं होतं."

तिने फोन काढला. दुपारी मशीनच्या पडद्याचा फोटो घेतला होता, तो काकांसमोर धरला. बाबाही वाकले.

एकोणीस तारीख. दोन चौदा ते दोन सतरा, मशीन बोळात असतानाची वेळ. एकेचाळीस श्वास, एकाखाली एक. 'मशीनने दिलेला' हा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा होता. एकेचाळीसही खुणा शेजारच्या रकान्यात होत्या. 'रुग्णाने स्वतः घेतलेला.'