नववी रेघ

वाटीतलं पाणी हिंदकळलं तशी चिमटीने फरशीवर खडूने आठवी रेघ ओढली. दगडखाणीत सुरुंग उडत असताना पोरांनी टेबलाखाली बसायचं, असा आईचा हुकूम होता. आई खाणीत यंत्राने भोकं पाडायची, त्यामुळे दगड कुठवर उडतात हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

"मुकादमाच्या फळ्यावर स्फोटकांच्या एकतीस कांड्या लिहिल्यात," शेजारी बसलेला टकल्या म्हणाला. हा तिचा सुट्टीला आलेला मावसभाऊ. "लांब भोकात पाच भरतात, आखूडात तीन. मग भोकं किती?"

"लांब भोकं क्ष, आखूड य," चिमटी म्हणाली. "पाच क्ष अधिक तीन य बरोबर एकतीस."

"अज्ञात दोन आणि समीकरण एक. उत्तर एकच येत नाही, बाईंनी सांगितलंय."

"नको येऊ दे. पण अर्धं भोक तर कोणी पाडत नाही ना? एकेक आकडा घालून बघ."

टकल्याने फरशी रंगवून टाकली. लांब दोन धरली तर आखूड सात. लांब पाच धरली तर आखूड दोन. बाकी सगळीकडे घोडं अडलं.

"म्हणजे भोकं एकतर नऊ, नाहीतर सात," तो म्हणाला.

चिमटीने रेघा पुन्हा मोजल्या. आठ. सात भोकांचे आठ दणके होणार कसे? म्हणजे भोकं नऊ होती आणि एक सुरुंग अजून जिवंत होता. काम सुरू करायची शिट्टी झालेली होती, आणि मेहनत वाचावी म्हणून आई नेहमी जुन्या भोकाच्या उरलेल्या खळग्यातच यंत्राचं टोक रोवायची.

दोघं खाणीकडे धूम पळाली.

"थांबवा! भोकं सात नाहीत, नऊ आहेत, आणि दणके आठच झाले! एक उडायचा राहिलाय!"

मुकादमाने तिचा दंड धरला. सुरुंगवाले आजोबा तापाने घरी पडले होते, म्हणून आज याने स्वतःच सुरुंग उडवले होते आणि भोकं मोजायची तसदी घेतली नव्हती. "आठ ऐकलेस? भोकं सातच असतील, आठवा प्रतिध्वनी. चल, नीघ."

"प्रतिध्वनीने वाटीतलं पाणी हिंदकळत नाही," चिमटी म्हणाली आणि त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. त्याने खाडकन तिच्या मुस्कटात मारली. ती दगडांवर आपटली, ओठ फुटून तोंडात रक्त आलं. टकल्या डोकं खाली घालून त्याच्या पोटावर धडकला, तर लाथेसरशी तोही कोलमडला.

खाली यंत्र बंद पडलं. आई तरातरा वर आली आणि तिने मुकादमाची गचांडी धरून त्याला शेडच्या पत्र्यावर आदळलं. "माझ्या पोरीवर हात टाकतोस?"

"आई, ते राहू दे. तू टोक कुठे लावलंयस?"

टकल्याने धापा टाकत हिशेब सांगितला. आईचा हात सैल पडला. ती खाली गेली, गुडघे टेकून तिने खळग्यातली भुकटी हलकेच फुंकली. आत सुरुंगाची निळी वायर होती. यंत्राचं टोक त्या वायरपासून चार बोटांवर होतं.

यंत्र तिथेच सोडून आईने सगळ्यांना हाकलून खाण रिकामी केली. अंगात ताप असतानाही आजोबा आले, बराच वेळ वाकून त्यांनी लांब वायर जोडली आणि सगळे लांब गेल्यावर कळ दाबली.

या वेळी टेबलाखाली आईसकट तिघं होती. दणक्यासरशी खिडकीची काच फुटली. नंतर पाहिलं, तर यंत्राचा पार चेंदामेंदा झाला होता.

"तीस वर्षं सुरुंग लावतोय," आजोबा चिमटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण घरी बसून सुरुंग मोजणारी पोरं आजच पाहिली. यापुढे माझी मोजणी तुम्ही तपासायची." मुकादमाने फळा पुसून भोकांचा वेगळा रकाना आखला, तोही मान खाली घालूनच.

आईने खडू मागितला. आठ रेघांच्या शेजारी तिने नववी ओढली, ती वाकडीच आली. मग तिने चिमटीच्या सुजलेल्या गालावर आपला गाल टेकला आणि ती हमसून हमसून रडली.