बिनलिफाफ्याचं

लातूरच्या पोस्टात डिंकाच्या बाटलीला दोघांनी एकदमच हात घातला. दामिनीनं बाटली सोडली नाही. समोरच्याला सोडावी लागली.

"आधी तुमचं होऊ द्या," तो हसत म्हणाला. "पण ह्या जमान्यात पत्रं? मोबाइल बिघडलाय काय? कंधारला दुरुस्तीचं दुकान हाय माझं."

"मोबाइल ठणठणीत हाय." तिनं तिकिटावर बोट दाबलं. "फोनवर लिहिलेलं माणूस सकाळी पुसून टाकतंय. कागदावर लिहायला जिगर लागते."

हे वीरभद्रला चांगलंच झोंबलं. त्यानं नंबर मागितला... दामिनीनं पत्ता दिला. रेणापूर, तिच्या वडलांचं, रामलिंगअप्पांचं किराणा दुकान.

पहिलं पत्र चार ओळींचं, त्यातली एक खोडलेली. दामिनीनं कागद उजेडात धरला. 'तुमचे डोळे' एवढंच लागलं – आणि पुढं कितीतरी दिवस दुकानात साखर मागणाऱ्याला रवा गेला.

मग पत्रं येतच राहिली. वेड्यावाकड्या अक्षरांत कंधारचा किल्ला आला, त्याच्या आईची ज्वारीची भाकरी आली, थोडं भांडण आलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसायचं. मैत्रिणीची असतील, असं अप्पांना वाटलं आणि दामिनीनं वाटू दिलं. एवढी तोंडाळ पोरगी, पण इथं गप्प बसली.

अशात औशाचं स्थळ आलं. पाहुणे रविवारी बघायला येणार होते. दामिनीनं कंधारला लिहिलं, 'काय ते आता सांगा. नंतर मी ऐकायची नाही.'

उत्तर आलं ते कार्डावर. उघडं! पोस्टमन वैजनाथमामांनी ते गल्ल्यावर बसलेल्या अप्पांच्याच हातात दिलं, आणि गूळ घ्यायला आलेल्या साखराबाईंनी मान लांब केली. अप्पांना सगळं मोठ्यानं वाचायची सवय.

"दामिनी, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. यात लपवावं असं काही नाही, म्हणून पाकीट घेतलं नाही. घरच्यांनीही वाचावं. वीरभद्र, कंधार."

दामिनीचे कान तापले. आता गावभर होणार... अस्सा राग आला तिला त्याचा! आणि त्या रागातच तिचा ऊर भरून आला. कुणीतरी तिच्यासाठी सगळ्या रेणापूरसमोर उभं राहिलं होतं.

"कोण हाय हा?" अप्पांनी विचारलं.

'मला न्हाई माहीत' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"कंधारचा हाय, मोबाइलचं दुकान हाय त्याचं. ती सगळी पत्रं त्याचीच होती, अप्पा. मैत्रिणीची नव्हती." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "माझ्या मनात तोच हाय."

अप्पांनी कार्ड पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

"अक्षर लई खराब हाय."

"हाव."

"पर नाव ठसठशीत घातलंय." अप्पांनी चष्मा काढला. "वैजनाथ, कोरं कार्ड हाय का तुझ्यापाशी? औशावाल्यांना मी फोन करतो."

वैजनाथमामांनी पिशवीतून कार्ड काढून दिलं. दामिनीनं तिथंच उभ्या उभ्या, साखरेच्या पोत्यावर पाटी ठेवून लिहिलं – 'मला पसंत आहे. अप्पांशी बोलायला या. तुमचीच, दामिनी.'

साखराबाईंची मान आणखी लांब झाली. दामिनीनं कार्ड त्यांच्याकडं वळवलं.

"नीट वाचा काकू," ती म्हणाली. "आन् गल्लीत बी सांगा."