अर्धं दाबलेलं बटण

हेमालीताईच्या हळदीला ऐन संध्याकाळी लाईट गेली आणि त्या फोटोग्राफरची फजिती बघून मला हसू आवरेना. आमच्या अंजूरच्या बायकांनी ताईचं तोंड असं माखलं होतं, की नाक कुठं, गाल कुठं — काही कळायला मार्ग नाही! इन्व्हर्टरचा एक मिणमिणता बल्ब, आणि त्याच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स नुसती घर्र पुढे, घर्र मागे.

"काय हो, कॅमेऱ्याला चष्मा लागलाय का?"

"फोकस धरायला त्याला कडा लागते," तो घाम पुसत म्हणाला. "उजेड नि काळोख भेटतात, ती रेघ. इथं सगळंच सपाट पिवळं, त्यात अंधार... बिचारा धरणार काय? तू बस ना ताईच्या बाजूला. तुझ्या साडीचे काठ छान आहेत."

"नुसते काठच?"

मेला चक्क लाजला! माझ्यावर कॅमेरा रोखून त्याने बटण अर्धं दाबलं. "आता अंतर पक्कं झालं. बोट न उचलता ताईकडे वळायचं, मग पूर्ण दाबायचं."

त्याचं नाव दीपेश. भिवंडीत त्याचा स्टुडिओ. मग काय, मला पासपोर्ट फोटो सारखेच लागायला लागले... खाडीच्या बांधावर आम्ही भेटायचो. मी तर जीव लावून बसले होते. तो असा बघायचा, की वाटायचं, आता बोलेल... आता बोलेल...

बोललाच नाही. अंबाडी गावचं स्थळ आलं. बाबा म्हणाले, "पोरगा चांगला हाय, अजून काय पायजे?"

मी तडक स्टुडिओ गाठला. "रविवारी घरी ये. बाबांकडे मला माग. तू आलास, तर मी त्या स्थळाला नाही म्हणेन."

"येतो ना," तो म्हणाला, "पण जरा... जम बसू दे."

रविवारी मी दारातच बसून होते. आला नाही. माझ्या लग्नाला मात्र आला — फोटो काढायला. हेमालीताईचे फोटो आवडले म्हणून बाबांनीच त्याला ठरवलं होतं.

मांडवात अंतरपाट धरला. पांढरं, सपाट कापड. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि कॅमेरा घर्र पुढे, घर्र मागे. शेवटी दीपेशने तो माझ्याकडे वळवला.

त्याला माझ्या साडीचे काठ हवे होते, मला ठाऊक होतं. तरी वेडी मी त्याच्याकडेच बघत राहिले. अंतरपाट अजून खाली आला नव्हता. अजूनही त्याच्या एका शब्दावर मी मांडव सोडला असता.

त्याने बटण अर्धं दाबलं.

मग बोट न उचलता त्याने कॅमेरा हळूच अंतरपाटाकडे वळवला, आणि क्लिक झालं.